‘गांधी’ चित्रपटात नसलेली माणसे : ऐतिहासिक अचूकतेचा एक प्रकरण अभ्यास

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’ (1982) या चित्रपटाचे पहिले दृश्य दिसण्याआधी पडद्यावर काही ओळी उमटतात. कोणत्याही माणसाचे आयुष्य एका कथनात मावत नाही, प्रत्येक वर्षाला त्याच्या वाट्याचे वजन देता येत नाही, प्रत्येक घटना आणि ते आयुष्य घडवणारी प्रत्येक व्यक्ती त्यात घेता येत नाही; करता येण्यासारखे असते ते एवढेच, की नोंदींच्या आशयाशी इमान राखावे आणि त्या माणसाच्या अंतःकरणापर्यंत पोहोचण्याची वाट शोधावी, असा त्यांचा भावार्थ आहे. हे निवेदन मला नेहमीच प्रामाणिक वाटत आले आहे, आणि म्हणूनच चित्रपटाची पारख त्याच्याच कसोटीवर करणे मला न्याय्य वाटते. सर्व काही दाखवल्याचा दावा त्याने केलेला नाही, त्यामुळे अमुक प्रसंग का नाही अशी नुसती यादी करून काही साधत नाही. दावा आशयाशी इमान राखण्याचा आहे. तेव्हा प्रश्न असा, की 191 मिनिटांत बसवण्यासाठी जे बदलले आणि जे वगळले, त्याने आशय शाबूत राहिला की नाही.

या अभ्यासासाठी मी चित्रपट थांबवून थांबवून पाहिला आणि शेजारी गांधीजींचे आत्मचरित्र, दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा त्यांनी स्वतः लिहिलेला इतिहास, 1922 च्या खटल्याचे कामकाज आणि त्यांची पत्रे ठेवली. कोणता अंगरखा चुकला, कोणती मोटार त्या सालची नव्हती, या तपशिलात मी शिरलो नाही. त्या बाबतीत चित्रपट असाधारण काळजीने केलेला आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे.

पार्श्वभूमी

चित्रपटाची कल्पना अ‍ॅटनबरो यांच्यापुढे 1962 मध्ये मांडली ती लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात काम करणाऱ्या मोतीलाल कोठारी यांनी. त्यांनी लुई फिशर यांचे गांधीचरित्र अ‍ॅटनबरो यांच्या हाती दिले. पुढे अ‍ॅटनबरो पंडित नेहरूंना भेटले तेव्हा गांधीजींना देव करू नका, असे नेहरूंनी त्यांना बजावले होते, ही आठवण ते अनेकदा सांगत. पैसा उभा राहायला वीस वर्षे गेली. शेवटी इंदिरा गांधींच्या सरकारने पाठबळ दिले आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ निर्मितीत सहभागी झाले. कोठारी, नेहरू आणि लॉर्ड माउंटबॅटन या तिघांना चित्रपट अर्पण केलेला आहे. फाळणीचा भाग पाहताना ही अर्पणपत्रिका ध्यानात ठेवावी लागते.

अकरा ऑस्कर नामांकनांपैकी आठ पुरस्कार मिळाले. त्यांतला वेशभूषेचा पुरस्कार जॉन मॉलो यांच्यासह कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना मिळाला आणि भारताला मिळालेले ते पहिले ऑस्कर ठरले. त्यांचे काम इतिहासाच्या दृष्टीनेही मोलाचे आहे, असे मला वाटते. कडक कॉलरचा बॅरिस्टर काठियावाडी फेटा आणि अंगरख्याच्या वेशात मायदेशी उतरतो, मग टोपी जाते, सदरा जातो, आणि शेवटी गुडघ्याच्या वर खोचलेला पंचा उरतो. या प्रत्येक टप्प्याला गांधीजींच्या आयुष्यात कारण होते आणि प्रेक्षकाला ते संवादाविना उमगते. अंत्ययात्रेचे दृश्य 31 जानेवारी 1981 रोजी, म्हणजे प्रत्यक्ष अंत्ययात्रेच्या तेहतिसाव्या वर्षदिनी, दिल्लीच्या राजपथावर चित्रित झाले. त्यासाठी तीन लाखांहून अधिक माणसे जमली होती असे सांगितले जाते, आणि त्यांतली बहुसंख्य स्वेच्छेने आली होती. पडद्यावर ते सगळे जेमतेम दोन मिनिटे दिसते.

एक जाळ आणि पंधरा वर्षे

काळाची घडी घालण्याचा सर्वांत ठळक प्रकार चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या तासातच येतो. 7 जून 1893 च्या रात्री तेवीस वर्षांच्या गांधींना पीटरमारित्झबर्ग स्थानकावर पहिल्या वर्गाच्या डब्यातून बाहेर काढले जाते. त्यानंतर लगेचच, फार तर काही आठवड्यांनी असे वाटावे इतक्या जवळ, ते मोजक्या सहकाऱ्यांसह भर रस्त्यात, हिंदी लोकांना बाळगावे लागणारे नोंदणीचे परवाने जाळताना दिसतात. गोरा पोलीस अधिकारी दंडुका उगारतो. तरुण गांधी जमिनीवर कोसळतात, थरथरत्या हाताने पुन्हा एक परवाना उचलतात आणि जाळात टाकतात. पुन्हा दंडुका पडतो. गांधींची भूमिका करणाऱ्या बेन किंग्जली यांचा तो हात एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

प्रत्यक्षात परवान्यांची होळी 16 ऑगस्ट 1908 रोजी जोहान्सबर्गच्या हमिदिया मशिदीच्या आवारात झाली. रेल्वेतल्या प्रसंगाला तेव्हा पंधरा वर्षे उलटून गेली होती. जमाव हजारोंचा होता, दोन हजारांहून अधिक दाखले एका मोठ्या कढईत रॉकेल ओतून जाळले गेले, आणि तिथे गांधीजींवर कुणाचाही दंडुका पडला नाही.

इथपर्यंत पाहिले तर ही नाट्यमय सोय आहे आणि ती क्षम्य आहे, असे म्हणता येईल. परंतु या पंधरा वर्षांत गांधीजींना मार बसला नाही असे नाही. तो कुणी मारला आणि कशासाठी, हे पाहिले की घडीत काय दडपले गेले ते कळते. रेल्वेच्या प्रसंगानंतर काहीच दिवसांत, पुढच्या प्रवासात, घोडागाडीच्या गोऱ्या कारभाऱ्याने त्यांना मारले. गाडीतल्या इतर गोऱ्या उतारूंनीच मध्ये पडून त्यांना सोडवले. 13 जानेवारी 1897 रोजी डर्बनच्या बंदरातून शहरात येताना गोऱ्या जमावाने त्यांना दगडांनी आणि लाथांनी तुडवले. त्या वेळी पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांच्या पत्नी वाटेने जात होत्या, त्या छत्री उघडून जमाव आणि गांधी यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्याच रात्री जमावाने घराला वेढा घातला, तेव्हा अलेक्झांडर यांनीच गांधींना हिंदी शिपायाचा वेश चढवून मागच्या वाटेने बाहेर काढले. डोक्याला शिरस्त्राण म्हणून एक थाळी होती आणि तिच्याभोवती मद्रासी उपरणे गुंडाळलेले होते. ही हकिकत गांधीजींनी स्वतः लिहिली आहे. म्हणजे चित्रपटात पोलीस ज्यांना मारतो, त्यांना इतिहासात पोलिसानेच वाचवले.

तिसरा मार सर्वांत बोलका आहे. जानेवारी 1908 मध्ये गांधीजींनी ट्रान्सवाल सरकारचे मंत्री जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड केली आणि हिंदी लोकांनी स्वेच्छेने नोंदणी करावी असे ठरले. हा विश्वासघात आहे असे अनेकांना वाटले. 10 फेब्रुवारीला गांधीजी नोंदणीसाठी निघाले असताना मीर आलम या पठाणाने, जो त्यांचा पूर्वीचा अशील होता, त्यांना लाठीने बेशुद्ध पडेपर्यंत मारले. पुढे स्मट्स यांनी शब्द पाळला नाही, आणि म्हणून ऑगस्टमध्ये होळी झाली. त्या सभेत मीर आलम हजर होता. आपण मारले ही चूक झाली असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले आणि आपला मूळ दाखला जाळण्यासाठी गांधीजींच्या हाती दिला. गांधीजींनी त्याचा हात आनंदाने दाबला.

चित्रपटातल्या जाळाच्या एका बाजूला एकटा सत्याग्रही आहे आणि दुसऱ्या बाजूला सत्ता आहे. प्रत्यक्षातल्या जाळाभोवती हजारो माणसे होती, त्यांत नेत्यावर रागावलेली होती, आधी नोंदणी करून पस्तावलेली होती, आणि नेत्याचे डोके फोडून परतलेला एक पठाणही होता. गांधीजींना सत्याग्रह समजला तो या पंधरा वर्षांच्या घासाघाशीत, स्वतःच्या तडजोडीचे परिणाम भोगत. रेल्वेतून उतरवल्यावर लगेच पूर्ण तयार झालेला सत्याग्रही दाखवला की घडण्याची प्रक्रियाच कथेतून जाते. 1906 च्या झुलू उठावात इंग्रजांच्या बाजूने रुग्णसेवेचे पथक घेऊन गेलेले सार्जंट मेजर गांधीही मग दिसू शकत नाहीत, आणि आफ्रिकेत घडणाऱ्या या सगळ्या भागात आफ्रिकी माणूस तर पार्श्वभूमीलाच राहतो.

जिथे नोंदीशी इमान आहे

जालियनवाला बागेचे दृश्य याच्या उलट टोकाला आहे. अरुंद बोळातून चिलखती गाडी आत जाऊ शकली नाही म्हणून ती बाहेर ठेवून डायर सैनिकांसह आत जातो, जमावाला पांगण्याचा इशारा न देता गोळीबार सुरू होतो, आणि नंतर गोळीबाराची चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढे तो कोरड्या आवाजात उत्तरे देतो. 1,650 फैरींचा आकडा नोंदीतला आहे. गाडी आत जाऊ शकली असती तर तिच्यावरच्या मशीनगन वापरल्या असत्या का, या प्रश्नाला बहुधा हो असे उत्तर डायरने खरोखरच दिले होते. त्याला हा प्रश्न विचारणारे समितीचे सदस्य मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड होते.

कस्तुरबांचा प्रसंगही असाच. संडास साफ करण्यावरून झालेल्या भांडणात गांधीजी पत्नीला हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेतात. मूळ घटना डर्बनच्या घरातली आहे, चित्रपटाने ती आश्रमात आणली. पण तुम्हाला लाज नाही का, मी इथून जाऊ तरी कुठे, असे विचारणाऱ्या बा आणि त्या प्रश्नाने खजील झालेला नवरा हे आत्मचरित्रात आहेत तसेच पडद्यावर आहेत. मराठी रंगभूमीवरून आलेल्या रोहिणी हट्टंगडी यांनी हा प्रसंग जिवंत केला. गांधीजी चुकतात, त्यांना समोरून कुणीतरी सुनावते आणि ते बदलतात, असे दाखवणारी चित्रपटातली ही मोजकी जागा आहे. संपूर्ण चित्रपट याच धर्तीवर झाला असता तर पुढची तक्रार करण्याचे कारणच उरले नसते.

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू थोडाच वेळ आहेत. भारत आधी पाहा, मग बोला, हा त्यांचा सल्लाही इतिहासाला धरून आहे. गांधीजी 9 जानेवारी 1915 रोजी मुंबईत उतरले आणि 19 फेब्रुवारीला गोखले गेले, एवढ्याच दिवसांची ती गाठ होती.

एकाचे शब्द, दुसऱ्याचे तोंड

आता गळतीकडे वळतो. 21 मे 1930 रोजी धारासणाच्या मिठागरावर सुमारे अडीच हजार स्वयंसेवक गेले. गांधीजींना 4 आणि 5 मे यांच्या मधल्या रात्री अटक झाली होती, त्यांच्या जागी आलेले वृद्ध अब्बास तय्यबजी यांनाही पकडले होते, आणि त्या दिवशी नेतृत्व सरोजिनी नायडू यांच्याकडे होते. मार बसेल, पण तो चुकवण्यासाठी हातसुद्धा वर करू नका, असे त्यांनी स्वयंसेवकांना सांगितले. चित्रपटात हे आवाहन मौलाना आझाद करतात, आणि अटक जणू आदल्याच रात्री झालेली असते. अटकेची तारीख सरकवली याचे मला काही वाटत नाही. पण सरोजिनीबाईंच्या जागी दुसरे कुणी उभे केल्याने स्वातंत्र्यलढ्यातल्या एका निर्णायक दिवसाचे नेतृत्व स्त्रीच्या हातून गेले, आणि ज्या कोट्यवधी प्रेक्षकांनी धारासणा फक्त पडद्यावर पाहिले त्यांच्यापुरते ते कायमचे गेले.

या प्रसंगाचे वृत्त जगाला देणारा अमेरिकी पत्रकार वेब मिलर होता. चित्रपटाने त्याच्यावरून वॉकर हे पात्र बेतले आणि त्याला दक्षिण आफ्रिकेपासून गांधीजींच्या मागे फिरवले. असे संमिश्र पात्र घडवणे चित्रपटाच्या व्यवहारात रूढ आहे. परंतु वॉकर दूरध्वनीवरून जे शेवटचे वाक्य सांगतो, पाश्चात्त्यांचे जे काही नैतिक श्रेष्ठत्व होते ते आज इथे संपले आणि भारत स्वतंत्र झाला, ते मिलरच्या वार्तापत्रातले नाही. मिलरने जे लिहिले ते अधिक कोरडे आणि म्हणून अधिक भेदक आहे: कवट्यांवर काठ्या आदळल्याचा आवाज, पत्र्याखाली निजवलेले 320 जखमी आणि दोन मृत, ज्यांची मोजणी त्याने स्वतः केली. युरोपची आशियातली नैतिक प्रतिष्ठा पूर्णपणे गेली, असे त्याच महिन्यात म्हणाले होते ते रवींद्रनाथ टागोर, आणि भारत आता मुक्त झाला हा निष्कर्ष चरित्रकार फिशर यांचा आहे. भारतीय कवीने उच्चारलेला निवाडा अमेरिकी बातमीदाराच्या तोंडी गेला.

मराठी वाचकाला याहून अधिक लागेल अशी गळती 1922 च्या खटल्यात आहे. 18 मार्चला अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. सरकारने मुदत कमी केली तर माझ्याइतका आनंद कुणालाच होणार नाही, हे त्यांचे प्रसिद्ध वाक्य चित्रपटात आहे आणि ते खरे आहे. परंतु सहा वर्षेच का, याचे ब्रूमफील्ड यांनी दिलेले कारण चित्रपटात नाही. याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना झालेली शिक्षा त्यांनी समोर ठेवली आणि तुमची गणना टिळकांबरोबर केली तर तुम्हाला ते गैर वाटू नये, असे म्हटले. त्यावर गांधीजींनी उत्तर दिले की टिळकांच्या नावाशी आपले नाव जोडले जाणे हा आपण सर्वांत मोठा मान समजतो. दोन वाक्यांचा हा व्यवहार आहे, पडद्यावर त्याला अर्धे मिनिटसुद्धा लागले नसते. तो गेल्यामुळे गांधीजींच्या आधीही इथे कुणीतरी तुरुंगात गेले होते, आणि मतभेद असूनही गांधीजी स्वतःला त्या परंपरेत मोजत होते, ही जाणीव गेली.

याच्या बरोबर उलट घडले ते एका वाक्याच्या बाबतीत. डोळ्याच्या बदल्यात डोळा घेत गेलो तर सारे जग आंधळे होईल, हे वाक्य चित्रपटात गांधीजींच्या तोंडी आहे आणि तेव्हापासून शाळेच्या फळ्यांवर, दिनदर्शिकांवर, भाषणांत ते गांधीवचन म्हणून मिरवते. गांधीजींच्या संकलित वाङ्मयाचे शंभर खंड उपलब्ध आहेत. या रूपातले हे वाक्य त्यांच्या लिखाणात कुणाला दाखवता आलेले नाही. गांधीविचाराशी ते विसंगत नाही, पण एखाद्याच्या विचाराशी जुळते म्हणून वाक्य त्याच्या नावावर जमा करणे ही सवय इतिहासाच्या अभ्यासकाने तरी लावून घेऊ नये.

पंतप्रधानपदाचा प्रस्ताव

फाळणी टाळण्यासाठी जिना यांना पंतप्रधान करावे, हा गांधीजींचा प्रस्ताव चित्रपटात समोरासमोर मांडला जातो. नेहरू आणि पटेल उपस्थित आहेत. बापूंची तशीच इच्छा असेल तर आम्ही मान्य करू, पण हिंदूंना फार काही देऊन टाकले जाईल अशी भीती वाटते आहे आणि बाहेर दंगली पेटल्या आहेत, अशा आशयाचे नेहरू बोलतात. जिना थंडपणे दोन देश हवेत की यादवी हवी असे विचारतात, आणि विषय संपतो.

नोंद वेगळी आहे. 1 एप्रिल 1947 रोजी गांधीजींनी हा प्रस्ताव जिनांपुढे नव्हे, तर व्हाइसरॉय माउंटबॅटन यांच्यापुढे मांडला. पुढचे दहा दिवस त्यांनी काँग्रेसच्या नेत्यांशी बोलण्यात घालवले. 11 एप्रिलला त्यांनी माउंटबॅटन यांना पत्र लिहून कळवले, की नेहरूंशी आणि कार्यसमितीच्या सदस्यांशी बोलणे झाले, आणि बादशहा खान यांचा अपवाद सोडला तर आपण कुणाचेही मन वळवू शकलो नाही. प्रस्ताव तिथेच संपला. तो जिनांनी धुडकावला नाही, बाहेरच्या दंगलखोरांनीही हाणून पाडला नाही. तो गांधीजींच्या सर्वांत जवळच्या सहकाऱ्यांनी नाकारला, आणि त्यांच्याकडे त्याची त्यांच्या दृष्टीने सबळ कारणे होती: हंगामी सरकारमध्ये मुस्लिम लीगबरोबर काम करण्याचा कडवट अनुभव त्यांनी नुकताच घेतला होता.

या फेरफाराला मी काळाची घडी म्हणायला तयार नाही. निर्णय कुणी घेतला हेच इथे बदलले आहे. नेहरू आज्ञाधारक राहिले, जिना अडेलतट्टू ठरले, आणि एप्रिल 1947 मध्ये आपल्याच माणसांत एकटे पडलेले अठ्ठ्याहत्तरीकडे झुकलेले गांधी, जे त्या वर्षाचे सर्वांत करुण सत्य आहे, ते पडद्यावर आलेच नाहीत. चित्रपटातले जिना सुरुवातीपासून ताठर आणि तुसडे आहेत. 1916 मध्ये टिळकांची वकिली करून त्यांना उच्च न्यायालयातून सोडवणारे आणि त्याच वर्षी टिळकांबरोबर लखनौ करार घडवणारे जिना, डिसेंबर 1920 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात असहकाराला विरोध करताना ज्यांना आरडाओरड करून बसवले गेले ते जिना, यांच्यातून 1947 चे जिना समजून घेता येतात. नागपूर वगळले की उरतो तो केवळ स्वभावदोष.

सुभाषचंद्र बोस चित्रपटात नाहीत. जानेवारी 1948 चे दिल्लीचे उपोषणही नाही. 13 ते 18 जानेवारीच्या त्या उपोषणाला आणि पाकिस्तानला द्यायच्या 55 कोटी रुपयांच्या प्रश्नाला महाराष्ट्रात आजवर किती वेळा पुढे केले गेले, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. चित्रपटाने कलकत्त्याचे उपोषण दाखवले आणि तिथून थेट बिर्ला भवनाच्या हिरवळीवर आला. नथुराम गोडसे पुण्याहून आलेला, वृत्तपत्र चालवणारा, ठरवून खून करणारा माणूस होता. पडद्यावर तो गर्दीतला एक ताणलेला चेहरा आहे. कटाचे राजकारण दाखवले नाही की खून दैवी आपत्तीसारखा भासतो, आणि त्याच्या समर्थनासाठी पुढे जे रचले गेले त्याला उत्तर द्यायची जागाही राहत नाही.

येरवडा

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी उणीव शेवटी घेतो. तीन तास अकरा मिनिटांच्या या चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कुठेही नाहीत.

वेळ नव्हता, हा बचाव इथे टिकत नाही, कारण चित्रपट आंबेडकरांच्या अगदी दारापर्यंत जातो. 1931 च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेलेले दाखवले आहेत. पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड दाखवले आहेत. त्याच परिषदेत अस्पृश्यांचा प्रतिनिधी मी आहे की गांधी, हा प्रश्न आंबेडकरांनी उभा केला होता. त्याआधी 14 ऑगस्टला मुंबईच्या मणिभवनात दोघांची पहिली आणि कडवट भेट झाली होती. त्याच मॅक्डोनल्ड यांनी 16 ऑगस्ट 1932 रोजी जातीय निवाडा जाहीर केला, अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले आणि सर्वसाधारण मतदारसंघातले मतही राखले. 20 सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात त्याविरुद्ध आमरण उपोषण सुरू केले. चित्रपट मॅक्डोनल्ड यांना भेटून निघतो आणि पुढच्या टप्प्यात युद्धकाळात उतरतो. मधला पुणे करार उडी मारून ओलांडला जातो.

चित्रपटाला दृश्य हवे असते, आणि येरवड्याइतके दृश्य कुठे सापडले असते? तुरुंगाच्या आवारात आंब्याचे झाड, त्याच्या सावलीत लोखंडी खाट, खाटेवर खालावत चाललेले गांधी, आणि समोर बसलेले एकेचाळीस वर्षांचे बॅरिस्टर आंबेडकर. एकाच्या हाती स्वतःचे प्राण आहेत. दुसऱ्याच्या हाती आपल्या माणसांनी प्रथमच मिळवलेला राजकीय अधिकार आहे, आणि तो सोडला नाही तर देशभर त्याच माणसांवर सूड उगवला जाईल, हे त्याला ठाऊक आहे. पाच दिवस वाटाघाटी झाल्या. प्रत्येक जागेसाठी आकडे मांडले गेले. 24 सप्टेंबरला करार झाला: स्वतंत्र मतदारसंघ गेले, संयुक्त मतदारसंघात प्रांतिक कायदेमंडळांच्या 148 राखीव जागा आल्या, आणि त्यांच्यासाठी दलित मतदारांनीच आधी चार उमेदवारांची निवड करायची असे ठरले. सह्या करणाऱ्यांत पंडित मालवीय होते, आंबेडकर होते, विख्यात फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर होते. 26 तारखेला टागोरांच्या उपस्थितीत गांधीजींनी संत्र्याचा रस घेतला.

या प्रसंगात गांधीजी बरोबर होते की आंबेडकर, यावर आजही मतभेद आहेत आणि असणार. माझे स्वतःचे मत आंबेडकरांकडे झुकते. आमरण उपोषणाच्या दडपणाखाली झालेल्या कराराला मुक्त संमती म्हणणे मला जड जाते. पण चित्रपटाने माझी बाजू घ्यावी अशी माझी मागणी नाही. मागणी एवढीच, की गांधीजींना विरोध करणारा, साम्राज्याचा हस्तक नसलेला, त्यांच्याइतकाच न्यायासाठी तळमळणारा आणि युक्तिवादात त्यांना निरुत्तर करू शकणारा भारतीय माणूस अस्तित्वात होता, हे प्रेक्षकाला कळावे. चित्रपटातल्या गांधीजींना अस्पृश्यतेबद्दल बोलताना आपण अनेकदा ऐकतो. ज्यांच्यावर ती लादली गेली त्यांचे त्याबद्दल काय म्हणणे होते, हे एकदाही ऐकत नाही. अंतःकरणापर्यंत पोहोचण्याची वाट शोधू म्हणणाऱ्या चित्रपटाने गांधीजींच्या अंतःकरणाची सर्वांत कठीण परीक्षा झाली तीच जागा टाळली. करारानंतरच ‘हरिजन’ साप्ताहिक सुरू झाले, नोव्हेंबर 1933 पासून जवळजवळ नऊ महिने गांधीजी देशभर अस्पृश्यतेविरुद्ध फिरले, आणि 25 जून 1934 रोजी पुण्यात त्यांच्या ताफ्यावर बॉम्ब फेकला गेला. आंबेडकरांनी त्यांना हलवले होते याचा हा पुरावा आहे.

नेहरूंनी अ‍ॅटनबरो यांना देव करू नका असे सांगितले होते, आणि वरवर पाहता त्यांनी ते पाळले: त्यांचे गांधी हसतात, थकतात, बायकोवर चिडतात. परंतु ज्याच्याशी तोडीस तोड वाद घालणारे कुणीच समोर नाही, तो माणूस हसला आणि थकला तरी प्रेक्षकाला देवच वाटतो. मीर आलम, कार्यसमितीतले नेहरू आणि पटेल, नागपूरचे जिना, येरवड्याचे आंबेडकर, या सगळ्यांनी गांधीजींना कुठे ना कुठे नाही म्हटले आहे. ही सारी ‘नाही’ गळली, आणि उरले ते इंग्रजांचे ‘नाही’.

अठरा वर्षांनी डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट आला. त्यात मामुटी आंबेडकर आहेत आणि गांधीजींची भूमिका मोहन गोखले यांनी केली आहे. येरवडा तिथे आहे, आणि तो आंबेडकरांच्या बाजूने पाहिलेला आहे. मी अलीकडे हे दोन्ही चित्रपट लागोपाठ दोन संध्याकाळी पाहिले. आधी ‘गांधी’ मधला लंडनचा भाग पाहिला, तिथे थांबलो, दुसऱ्या चित्रपटातला करार पाहिला, आणि मग पुन्हा पहिल्याकडे येऊन युद्धकाळातले गांधी पाहिले. किंग्जली तेच, आगाखान पॅलेसमध्ये बांच्या उशाशी बसलेले, पण आता त्यांचे मौन मला अधिक वजनदार वाटले.